पेढ्याची वाटी

या पानांवर आजवर कोलेस्टेरॉल, मुलांच्या कॉलेजसाठी बचत, भारतातून येणाऱ्या आई-वडिलांचा प्रवासी विमा असे भारदस्त विषय येऊन गेले. मांजराच्या जेवणावर लेख चालेल का, असे मी संपादकांना भीतभीतच विचारले. फोनवर क्षणभर शांतता. मग ते म्हणाले, "आमच्याकडे दोन आहेत. लिहा तुम्ही."

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. पशुवैद्यकाशी माझा संबंध इतकाच की त्यांची बिले भरतो. तेव्हा औषधाचा डोस माझ्या लेखावरून कुणी ठरवू नये, आपापल्या डॉक्टरांना विचारावे. मी सांगणार आहे ते आमच्या मॉरिसव्हिलच्या घरातल्या एका स्टीलच्या वाटीबद्दल, आणि ती भरताना मनात काय काय होते त्याबद्दल.

वाटीचा मालक पेढ्या. २०१९ साली आम्ही त्याला निवाऱ्यातून घरी आणला. तीनेक वर्षांचा, शस्त्रक्रिया झालेला बोका, रंग थेट आमच्या साताऱ्याच्या कंदी पेढ्याचा, म्हणून हे नाव. नावातली थट्टा पुढे आमच्याच अंगाशी येणार आहे हे तेव्हा ठाऊक नव्हते. तेव्हा आम्ही अपार्टमेंटमध्ये राहत होतो आणि त्याचे वेगळे मासिक भाडे भरत होतो. भाडेकरू म्हणून तो आमच्यापेक्षा वक्तशीर होता. पहाटे चारला छातीवर येऊन बसायचा.

मी आणि बायको, दोघेही आरटीपीत नोकरीला. सकाळी साडेआठला बाहेर पडलो की संध्याकाळी सहापर्यंत घरात तो एकटा. वाटी रिकामी दिसली की पाय घराबाहेर निघत नसे. म्हणून जाताना कोरड्या दाण्यांनी ती शिगोशीग भरायची आणि निर्धास्त व्हायचे. खरे सांगायचे तर ती भूक त्याची नव्हती. दहा तास त्याला एकटे टाकून जातो याची टोचणी माझी होती आणि ती मी वाटीत ओतत होतो. २०२० मध्ये घरून काम सुरू झाल्यावर तर विचारूच नका. मीटिंग चालू असताना मांडीवर पंजा आला की एक मूठ दाणे. बग सापडला नाही तरी मांजर गप्प होई, तेवढेच समाधान.

यात त्याचाही हात आहे, मी एकटा दोषी नाही. ब्रिटनमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या कॅरन मॅकोम्ब यांनी २००९ मध्ये मांजरांच्या गुरगुरण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. खाणे मागताना काही मांजरे नेहमीच्या खर्जातल्या गुरगुरण्यात एक वरच्या पट्टीतला, रडण्यासारखा सूर मिसळतात. ज्यांनी कधी मांजर पाळले नव्हते अशा ऐकणाऱ्यांनाही ती गुरगुर अधिक निकडीची वाटली. तान्ह्या बाळाच्या रडण्याशी त्या सुराचे साम्य आहे. म्हणजे पहाटे चारला आपण उठतो ते काही निव्वळ बावळट म्हणून नव्हे.

आता दुसरी गोष्ट. आमचे घर शाकाहारी. दाण्यांच्या पिशवीवर 'चिकन' लिहिलेले असले तरी दाणे दिसतात बिस्किटांसारखे, त्यामुळे मन फार तक्रार करत नाही. पण कधीमधी माशाचा डबा उघडायची वेळ आली की सिंकपाशी खिडकी उघडायची, वेगळा चमचा घ्यायचा, श्वास रोखायचा. ज्याचा वास सोसवत नाही ते आपल्याच हाताने कुणाला तरी प्रेमाने वाढायचे, ही मोठी विचित्र भावना आहे. आणि पठ्ठ्या वाटी चाटूनपुसून लख्ख करून समाधानाने मिशा पुसायला बसला की त्याच किळसेच्या शेजारी आनंदही येऊन बसतो. दोन्ही एकदमच असतात, एक दुसऱ्याला उठवत नाही.

"मग त्यालाही शाकाहारी करा की," असे सुचवणारे मित्र भेटतात. त्यांच्यासाठी थोडे शास्त्र. मांजर हा मांसाहारावाचून न चालणारा प्राणी आहे. टॉरीन नावाचे द्रव्य आपले शरीर स्वतः बनवते. मांजराचे शरीर ते पुरेसे बनवू शकत नाही. गाजरातल्या बीटा-कॅरोटिनपासून आपल्याला अ जीवनसत्त्व मिळते, मांजराला तेही जमत नाही. १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठातील पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिले की मांजरांच्या हृदयाचे स्नायू दुबळे होऊन हृदय फुगण्याचा आजार टॉरीनच्या कमतरतेतून होऊ शकतो, आणि टॉरीन दिले की तो सुधारतोही. ती मांजरे बाजारातले तयार खाणेच खात होती, हे विशेष. त्यानंतर कंपन्यांनी खाण्यातले टॉरीन वाढवले. तेव्हा आपले तत्त्व आपल्या ताटापुरते ठेवावे.

हे सगळे मी आईला समजावून सांगितले तेव्हा ती नुकतीच, म्हणजे एप्रिल २०२४ मध्ये, सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून आली होती. आई माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, पंढरीची वारी तीन वेळा पायी केलेली. फ्रिजमध्ये माशाचा उघडा डबा पाहून तिने पहिल्या दिवशी फ्रिजचे दार हळूच लावले आणि पुढचे दोन दिवस दूधही बाहेर काढून ठेवायला सांगितले. मी त्या डब्यांसाठी गॅरेजमधला छोटा फ्रिज मोकळा केला.

"अरे, आपल्या वाड्यात मांजरं काय डबे खात होती? दूधभातावर वाढली सगळी," ती म्हणाली.

हा मुद्दा सगळ्याच मराठी घरांत निघतो. पण वाड्यातली मांजरे दूधभातावर जगत नव्हती, ती माळ्यावरच्या उंदरांवर जगत होती. दूधभात त्यांच्यासाठी वरकड होता. बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध नीट पचतही नाही. आईने ऐकून घेतले आणि म्हणाली, "बरं. पण देणाऱ्याला तर बरं वाटतं ना?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

दोन आठवड्यांत दोघांची गट्टी जमली. आम्ही ऑफिसात आणि घरात ही दोघे. शेजारी चिटपाखरू दिसत नाही, गाडी चालवता येत नाही, शनिवारी आम्ही एव्हिएशन पार्कवेवरच्या हिंदू भवनात नेऊ तेवढीच तिची बाहेरची वारी. दिवसभर बोलायला एक पेढ्या. मग दुधावरची साय, पोळीचा तूप लावलेला कुस्करा, पनीरचा तुकडा. मी टोकले की नामदेव महाराजांचे उदाहरण तयार: कुत्र्याने कोरडी पोळी पळवली तर ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, आणि तू मला सायीचा हिशेब विचारतोस? आता नामदेवांसमोर इंजिनिअरिंगची पदवी काय कामाची?

एक बरे झाले. १७ जुलैला आषाढी एकादशी झाली, चातुर्मास लागला आणि आईने कांदा-लसूण सोडला. कांदा आणि लसूण मांजराला विषारी असतात, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कच्चा, शिजवलेला, पूड, सगळे सारखेच. हे मला त्यावेळी माहीत नव्हते. पेढ्याला आईच्या ताटातले घास मिळत होते ते बिनकांद्याचे, ही पांडुरंगाचीच कृपा म्हणायची.

ऑगस्टच्या अखेरीस एका संध्याकाळी आई म्हणाली, "हा माझ्यासारखं पाणी पितोय रे." आईला बारा वर्षांपासून मधुमेह आहे. "मला सुरुवातीला असंच व्हायचं. खा खा खायची, तांब्याच्या तांब्या पाणी, आणि अंगानं उतरत चालले होते."

मी हसण्यावारी नेले. आठवड्याभरात लिटरबॉक्समधल्या ओल्या मातीचे गोळे दुप्पट झाले. उडी मारताना मागचे पाय घसरू लागले, चालताना टाचा जमिनीला टेकू लागल्या. तेव्हा कुठे डॉक्टरांकडे नेले. रक्तात साखर, लघवीत साखर. मांजर नुसते घाबरले तरी त्याची रक्तातली साखर वाढते, म्हणून आधीच्या दोनतीन आठवड्यांचा अंदाज देणारी फ्रुक्टोसामीन नावाची चाचणीही केली. मधुमेह पक्का.

घरी आलो आणि आईवर ओरडलो. "तुझ्या सायीनं आणि तुपानं झालंय हे." ती काही बोलली नाही. रात्री जेवली नाही. बायकोने माझ्याकडे पाहिले ते मी विसरलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून कागद आले. त्यात पेढ्याच्या वजनाची जुनी नोंद होती. २०१९ मध्ये ११ पौंड, २०२१ मध्ये साडेतेरा, २०२३ मध्ये साडेपंधरा, फेब्रुवारी २०२४ मध्ये साडेसोळा. आई आली एप्रिलमध्ये. आलेख काढून पाहायचीही गरज नव्हती, तरी मी सवयीने काढला. जाड, शस्त्रक्रिया झालेल्या, घरातच राहणाऱ्या बोक्यांना मधुमेहाचा धोका अधिक असतो. हे तिन्ही गुण आमच्याकडे आई यायच्या आधीपासून हजर होते. दाण्यांच्या पिशवीच्या मागे एका कपात किती कॅलरी हे छापलेले असते. पाच वर्षांत प्रथमच ते वाचले. कपाला पावणेचारशे. आमची वाटी मापून पाहिली तर शिगोशीग भरून जवळजवळ एक कप. साडेचार-पाच किलोच्या घरकोंबड्या मांजराला दिवसाला दोनशे-अडीचशेच्या आसपास पुरतात.

आईची माफी मागायला मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. ती म्हणाली, "माझ्या वेळेस मला कोण ओरडलं नव्हतं. तुझ्या वडलांनी मुकाट्यानं जिलेबी आणणं बंद केलं." आणि वर, "याची सुई मला शिकव."

सुई म्हणजे इन्सुलिन, दर बारा तासांनी, मानेमागची सैल कातडी चिमटीत धरून. ऐकायला भयंकर वाटते पण सुई बारीक असते आणि मांजराचे लक्ष वाटीत असते. खरी काळजी वेगळीच. जेवण आधी, सुई नंतर. मांजराने खाल्ले नाही आणि नेहमीचा डोस गेला तर साखर एकदम खाली येऊन ते कोसळू शकते. त्यामुळे जी वाटी पाच वर्षे मी न बघता भरत होतो, तिच्यासमोर आता सकाळ-संध्याकाळ सात वाजता उकिडवे बसून आम्ही श्वास रोखून पाहतो. खातोय की नाही? पूर्वी फार खातो म्हणून हसायचो. आता दोन घास सोडले तरी पोटात गोळा येतो. आणि जाड मांजराला एकदम उपाशीही ठेवता येत नाही. दोनचार दिवस खाल्ले नाही तर अंगातली चरबी यकृतात साठून जिवावर बेतते. वजन उतरवायचे ते आठवड्याला एक-दोन टक्क्यांच्या आतच, डॉक्टरांच्या नजरेखाली.

एक सावधगिरीची सूचना, कारण यात चूक सहज होते. इन्सुलिनच्या काही बाटल्या यू-४० असतात, काही यू-१००, आणि दोन्हींच्या सिरिंजा वेगळ्या. एकाची सिरिंज दुसऱ्याला वापरली तर डोस अडीचपट चुकतो. आमच्याकडे बाटली आणि सिरिंजांचे खोके यांच्यावर आईने एकच कुंकवाचा टिपका लावून ठेवला होता. एवढी सोपी तपासणी मी ऑफिसातही पाहिलेली नाही.

खाणेही बदलले. दाण्यांत पिष्टमय पदार्थ बरेच असतात, डब्यातल्या ओल्या खाण्यात कमी. लवकर इन्सुलिन सुरू केले आणि कमी पिष्टाचे खाणे दिले तर काही मांजरांचे इन्सुलिन चक्क बंद होऊ शकते. म्हणजे जो माशाचा डबा घरात कुणालाच नको होता तोच आता औषध होऊन बसला.

सप्टेंबरमधल्या एका गुरुवारी बायको कामासाठी शार्लटला, आणि मी आय-४० वर अपघातामुळे अडकलेलो. पावणेसात वाजले. डबे गॅरेजच्या फ्रिजमध्ये, आणि ते उघडायचे काम आजवर आमचे दोघांचे. आईला फोन केला. काय सांगावे कळेना. म्हटले, "आई, अर्धा-पाऊण तास उशीर झाला तरी चालेल, तू काही करू नकोस."

साडेसातला घरी पोचलो. ओट्यावर रिकामा डबा धुऊन पालथा घातलेला. आई सोफ्यावर, पेढ्या तिच्या पायाशी मिशा पुसत. "उघडला मी. वजनकाट्यावर तोलून अर्धा दिला. तीनदा हात धुतलेत. सगळं खाल्लं त्यानं," ती म्हणाली. "सुई तू दे आता, उशीर झालाय. माझा हात कापतोय."

त्यावर आमच्या घरात पुन्हा कधी बोलणे झाले नाही.

आता पैशांचे, कारण या पानाचे ते निम्मे काम आहे. पहिल्या महिन्यात तपासण्या, इन्सुलिन, सुया, मीटर आणि डबे मिळून आमचे पाचशे डॉलरच्या वर गेले. आईने बिल पाहून रुपयांत हिशेब केला. "आपल्या धुणंभांडीवाल्या मावशींचा वर्षाचा पगार झाला हा," एवढेच म्हणाली. टोमणा नव्हता तो, नुसता हिशेब. पण त्या रात्री झोप लागली नाही. परदेशात जनावर पाळणाऱ्या आपल्यासारख्यांच्या वाटीत ही एक कडू चव कायमची असते आणि ती नाही असे म्हणण्यात अर्थ नाही. त्या दिवाळीला मावशींना दुप्पट बोनस गेला, आईच्या हातून, पैसे माझे. त्याने हिशेब मिटला असे मी म्हणत नाही.

औषधाच्या किमतीबद्दल मात्र बरी बातमी आहे. आमच्या डॉक्टरांनी दिलेले ग्लारजिन हे माणसांचेच इन्सुलिन. सनोफी कंपनीने त्याच्या लँटस या ब्रँडची यादीतली किंमत १ जानेवारी २०२४ पासून ७८ टक्क्यांनी उतरवली. प्रिस्क्रिप्शन घेऊन नेहमीच्या फार्मसीत विचारावे, वेगवेगळ्या दुकानांत भाव वेगळे निघतात. २०२२ च्या डिसेंबरात एफडीएने मांजरांच्या मधुमेहावर पहिल्या गोळीला, बेक्साग्लिफ्लोझिनला, मान्यता दिली. पुढच्याच वर्षी तोंडाने द्यायचे एक पातळ औषधही आले. पण ती आधी इन्सुलिन न घेतलेल्या, बाकी धडधाकट मांजरांसाठी, आणि त्यांचे धोके वेगळे. सुई टळते म्हणून हट्ट धरू नये. गुंतागुंत झालीच तर रॅलेला नॉर्थ कॅरोलायना स्टेटच्या पशुवैद्यक महाविद्यालयाचे रुग्णालय आपल्यापासून लांब नाही, हा आपल्या भागात राहण्याचा मोठा फायदा.

विमा मी "पुढच्या वर्षी बघू" म्हणत पाच वर्षे टाळला. आता उपयोग नाही, कारण आधीपासून असलेला आजार या पॉलिसींतून वगळलेला असतो. तुमचे मांजर तरुण आणि निरोगी असेल तर आजच दोन-तीन कोटेशने मागवून पाहा. परवडत नसेल तर दरमहा ठरावीक रक्कम वेगळ्या बचत खात्यात टाका आणि त्या खात्याला मांजराचे नाव द्या, म्हणजे फर्निचरसाठी हात लागत नाही. ऑफिसच्या एफएसए किंवा एचएसएतून पाळीव प्राण्याचा खर्च करता येत नाही, मी विचारून झालेले आहे, एचआरमधल्या बाई बराच वेळ हसत होत्या. आणि भारतात जाताना दिवसाला दोन सुया देणारे माणूस लागते. तिकिटाच्या किमतीत तेही धरा.

मध्यंतरी एका परिचितांनी सल्ला दिला की डबे सोडा, कच्चे मांस द्या, नैसर्गिक असते. डब्यांवर आंधळा विश्वास मीही ठेवत नाही. २००७ च्या मार्चमध्ये चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्ये मेलामीन निघाले, या देशात अनेक ब्रँडचे डबे परत मागवावे लागले आणि कित्येक मांजरांची मूत्रपिंडे निकामी झाली. पण कच्च्याचे म्हणाल तर डिसेंबर २०२४ मध्ये ओरेगनमध्ये एका घरातल्या मांजराचा बर्ड फ्लूने मृत्यू झाला, आणि तो विषाणू त्याच्या कच्च्या टर्कीच्या खाण्यात सापडला. आम्ही शिजलेलेच देतो.

आई ऑक्टोबरच्या मध्यात परत गेली. जाताना विमानतळावर मला म्हणाली, "त्याला उपाशी ठेवू नकोस," आणि मग स्वतःच दुरुस्ती केली, "म्हणजे मापात दे."

आमचे संध्याकाळचे सात म्हणजे उन्हाळ्याच्या वेळेप्रमाणे तिकडे पहाटेचे साडेचार. काकड्याची वेळ, ती उठलेलीच असते. रोज व्हिडिओ कॉल. नोव्हेंबरमध्ये इथली घड्याळे एक तास मागे गेली. पेढ्याला ते कोण सांगणार? सुईची वेळ आम्ही रोज पंधरा मिनिटांनी सरकवत नेली आणि आईने आपला फोनही त्याच हिशेबाने सरकवला. पेढ्या सध्या साडेबारा पौंडांवर आहे. इन्सुलिन बंद झालेले नाही, डोस मात्र निम्म्यावर आला आहे. फोन लागला की आधी ती माझी चौकशी करत नाही. मी वाटी कॅमेऱ्यासमोर धरतो, ती चष्मा सारखा करून पाहते, आणि म्हणते, "कडेला थोडं राहिलंय बघ. खाऊ दे त्याला. मग दे सुई."